दोन शिट्ट्या म्हणजे खाली बसायचं

मी शिट्टी बोलतेय. एरवी मी बोलत नाही, किंचाळते. पण सध्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, पिशवीवर लाखेचं सील आहे आणि सीलखाली एका साहेबांची सही आहे. एवढा बंदोबस्त दरोडेखोराच्याही वाट्याला येत नसेल. तेव्हा आज किंचाळणं जमणार नाही, साध्या आवाजातच भागवून घेते.

मी पितळेची. वरून चकचकीत मुलामा आणि पोटात बुचाचा एक वाटाणा. कुणी फुंकर मारली की हा वाटाणा गरगर फिरतो आणि माझा आवाज थरथरत लांबवर जातो. कारखान्यात आमची परीक्षा एक म्हातारी कामगार घ्यायची. एकेकीला हवेच्या नळीला लावायची आणि कान देऊन ऐकायची. पिचक्या आवाजाच्या शिट्ट्या टोपलीत, बऱ्या आवाजाच्या खोक्यात. माझी पाळी आली तेव्हा तिनं दचकून नळीच बंद केली आणि शेजारणीला म्हणाली, "ही कार्टी कुणाची तरी झोप उडवणार बघ." आणि मला खोक्यात टाकलं. जन्मतःच असं प्रशस्तिपत्रक मिळाल्यावर स्वभावात थोडा तोरा येणारच. तो माझ्यात आहे, मी कशाला नाकारू?

पुढे खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात पडून होते. एक दिवस एक तरुण बाई आली. खांद्याला जाळीची पिशवी, पिशवीत फुटबॉल, पायात धुळीनं माखलेले बूट. "शिट्टी दाखवा," म्हणाली. दुकानदारानं हसून विचारलं, "मिस्टरांना हवीय का? रेफरी आहेत वाटतं?" तिनं मला उचललं, रुमालानं पुसलं आणि तिथल्या तिथे वाजवलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं ताठ उभी राहिली. दुकानदाराचा चष्मा नाकावरून घसरला.

"मिस्टरांना नको," ती म्हणाली. "ते सांगितलेलं ऐकतात. पोरी ऐकत नाहीत."

अशी मी बाईंच्या गळ्यात पडले. बाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी मला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मुलींच्या शाळेत शिट्टी? रस्त्यावरची पोरं मुलींकडे बघून वाजवतात तेवढ्या पुरे नाहीत का?"

"म्हणूनच म्हटलं," बाई म्हणाल्या, "एक आपल्याकडेही असू दे."

शाळेचं मैदान म्हणजे दोन इमारतींच्या मधला मातीचा चौकोन. त्यात शंभर-सव्वाशे मुली एकदम सुटायच्या. एकदा खेळताना एक लहान मुलगी पडली. बाकीच्या 'काय झालं, काय झालं' करत तिच्याकडे धावल्या आणि त्या गर्दीतच तिचं मनगट तुडवलं गेलं. पडून तिला काही झालं नव्हतं, मदतीनंच हाड मोडलं. त्या दिवशी बाईंनी नियम केला. एक शिट्टी म्हणजे थांबा. एक लांबलचक शिट्टी म्हणजे माझ्याकडे या. आणि दोन शिट्ट्या म्हणजे जिथे असाल तिथे खाली बसा. हातात बॉल असो, डबा असो, मैत्रिणीची वेणी असो, बसायचं म्हणजे बसायचं.

पोरी पोरीच त्या. "बाई, चिखल आहे." "बाई, माझे मोजे पांढरे आहेत." "बाई, का बसायचं?"

"का ते नंतर!" बाई ओरडायच्या. "कान आणि गुडघे यांच्या मधे डोकं आणायचं नाही. आधी बसा, मग विचार करा!"

वर्षानुवर्षं रोज हीच तालीम. ती इतकी अंगात मुरली की शाळा सोडून गेलेल्या मुली, कडेवर मूल घेऊन बाईंना भेटायला आलेल्या, गप्पा मारता मारता माझे दोन आवाज ऐकले की त्यांचे गुडघे आपोआप वाकायचे. मग स्वतःलाच हसायच्या आणि कपडे झटकत उठायच्या. एकीनं तर सांगितलं होतं, "बाई, परवा भर रस्त्यात ट्रॅफिक पोलिसानं दोनदा शिट्टी मारली आणि मी फुटपाथवर बसले. लोकांना वाटलं चक्कर आली." बाईंनी तिला शाबासकी दिली. ट्रॅफिकवाल्याची शिट्टी आमच्या जातीतली असली तरी तिला माझी सर नाही, हे मला इथे सांगायला हवं.

त्या सगळ्या पोरींमधल्या दोघी तुम्हाला ओळखीच्या करून द्यायच्या आहेत. एक गोलकीपर होती. तिच्या हातून बॉल सुटलेला कुणी पाहिला नाही, म्हणून तिचं नाव पडलं 'भिंत'. दुसरी तिच्या पुढे उभी राहायची, नववीतच दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच. ती 'खांब'. समोरच्या संघाच्या पोरी वैतागून म्हणायच्या, "पुढे खांब, मागे भिंत, यांनी मैदानावर घर बांधलंय का?" दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. भिंतीची आई बेकरीत कामाला होती. सामना जिंकला की ती दोघींना गरम पाव द्यायची, हरला की दोघींना शिव्या आणि मग गरम पाव.

मोठेपणी भिंत नर्स झाली आणि खांब पोलिसात लागली. बाई दोघींचे फोटो पाकिटात घेऊन फिरायच्या, एक पांढऱ्या गणवेशातला, एक खाकीतला.

मग बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. मी स्वयंपाकघरातल्या त्या खणात गेले, जिथे माणसं फेकवत नाही आणि लागतही नाही असं सगळं ठेवतात. जुन्या बॅटऱ्या, रबरबँड, कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली, असा सगळा शेजार. एकदा बाईंनी मला हातात घेतलं तर त्यांचे मिस्टर म्हणाले, "आता कशाला ती? म्हातारपणी चौकात उभं राहून गाड्या अडवणार आहेस का?" माणूस वाईट नाही हो. फक्त दुपारच्या झोपेपुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे.

खणात बसून बाहेरचं मला रेडिओवरून कळायचं. रेडिओ दिवसेंदिवस गोड बोलायला लागला होता. राज्यकर्त्यांनी निवडणूक पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, मग तिचं नावच निघेना. प्रश्न विचारणारी वर्तमानपत्रं बंद झाली. पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही असा हुकूम निघाला. या सगळ्याविरुद्ध कॉलेजातली मुलं-मुली रस्त्यावर आली, तेव्हा दिवसाढवळ्या त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रेडिओनं सांगितलं, "चेंगराचेंगरीत काही तरुण जखमी." बाईंनी रेडिओ बंद केला.

ती मुलं ज्या हॉस्पिटलात नेली, तिथे भिंत कामावर होती. बाहेर फाटकाशी आईबाप उभे. आत सोडत नव्हते, आणि आतून जो येई तो रेडिओचंच वाक्य सांगे. शेवटी भिंत बाहेर आली, हातातले रक्ताचे मोजेही न काढता. म्हणाली, "तुमची मुलं चेंगरलेली नाहीत. त्यांना गोळ्या लागल्यात." कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत घराघरात ते वाक्य पोचलं. दुसऱ्या दिवशी चार माणसं तिला वॉर्डातूनच घेऊन गेली. कुठे, ते कुणी सांगेना.

भिंतीची आई बाईंकडे आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तशीच कामावरून निघाली होती.

"बाई, माझी पोरगी नेली हो." ती खुर्चीवरही बसली नाही. "पोलीस म्हणतात आमच्याकडे नाही. हॉस्पिटलवाले म्हणतात रजेवर आहे. एवढी धडधाकट पोरगी काय हवेत विरली?"

"कुणाकुणाला विचारलंस?"

"विचारून विचारून जीभ झिजली. आता एकच राहिलंय. त्यांच्या मोठ्या ऑफिससमोर जाऊन उभं राहायचं. मला एकटीला भीती वाटते बाई. खोटं कशाला बोलू?"

बाईंनी चपला घातल्या. एवढंच.

पोलिसांचं मोठं ऑफिस एका चौकात आहे. पुढे दगडी पायऱ्या, समोर फरसबंदी, आणि पलीकडे रस्त्याखालच्या भुयारी वाटेचा जिना. पहिल्या दिवशी तिथे दोघी उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला एकच प्रश्न, "ती कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी बाईंच्या जुन्या मुली आल्या. एक बस चालवणारी, एक दातांची डॉक्टर, एक शिवणकाम करणारी, एक जी शाळेत कधीच वेळेवर आली नाही आणि आता सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या सासवा आल्या, शेजारणी आल्या, जखमी मुलांच्या आया आल्या. पाचजणींनी जमायला बंदी होती ना? मग चौघी-चौघींचे गट करून, हात लांब करून मधे अंतर राखून उभ्या राहिल्या, अगदी कवायतीसारख्या. हवालदार मोजून थकला. "अहो, पण सगळ्या मिळून किती आहात?" तो म्हणाला. "आम्हाला गणित येत नाही," शिवणकामवाली म्हणाली.

मी अजून खणातच होते; हे सगळं बाई संध्याकाळी मिस्टरांना सांगायच्या, ते ऐकून कळलं. मला बाहेर काढलं ते बॅटरीमुळे. रेडिओसाठी बॅटरी शोधताना बाईंचा हात मला लागला. त्यांनी मला नळाखाली धुतलं, नवी दोरी ओवली आणि स्वेटरच्या आत गळ्यात घातलं. मिस्टर दारात उभे होते. या वेळी ते गाड्यांबद्दल काही बोलले नाहीत.

"मीही येऊ का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घरी थांबा. मला काही झालं तर वकिलाला फोन कोण करणार?"

"नंबर कुठे आहे?"

"फ्रीजवर चिकटवलाय. झोपू नका दुपारी."

त्या दिवशी चौकात गेल्या गेल्या मला काहीतरी वेगळं जाणवलं. बाईंची छाती माझ्याखाली जोरजोरात उडत होती. समोर पायऱ्यांच्या खाली पोलिसांची रांग होती, हातात ढाली, डोक्यावर हेल्मेटं. सगळ्यात पुढची रांग मुद्दाम महिला पोलिसांची लावलेली. बायकांवर बायकांनीच हात उचलला की वरच्यांकडे कुणी बोट दाखवत नाही, हा साहेबांचा हिशेब. त्या रांगेत एक हेल्मेट बाकीच्यांपेक्षा वीतभर वर होतं.

भिंतीच्या आईनं ते लगेच ओळखलं. ती थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तू? माझ्या हातचा पाव खाऊन एवढी वाढलीस ना गं? आणि आता मलाच मारणार?"

खांब समोर बघत राहिली. तिची हनुवटी थरथरत होती, पण हेल्मेटचा पट्टा चांगला घट्ट असतो, त्यानं बरंच झाकलं जातं.

साहेबांनी कर्ण्यावरून सांगितलं, "चौक ताबडतोब रिकामा करा. नाहीतर बळाचा वापर होईल." बायका हलल्या नाहीत. पोलिसांची शिट्टी वाजली आणि ढालींची रांग पुढे सरकली. धप्, धप्, बुटांचा आवाज. मागच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, मग ढकलाढकली, मग कुणीतरी ओरडलं, "जिन्याकडे! जिन्याकडे पळा!"

बाईंनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. मैदानावर आयुष्य घालवलेल्या माणसाची नजर असते ती. भुयारी वाटेचं खालचं लोखंडी दार बंद होतं, आणि त्याला नवंकोरं कुलूप होतं. म्हणजे पळाल्या असत्या तर वरच्या बायका खालच्यांवर पडल्या असत्या, आणि उद्या रेडिओनं गोड आवाजात सांगितलं असतं, चेंगराचेंगरी. आणि या वेळी ते खरंही असतं.

"अगं बाई," बाई स्वतःशीच म्हणाल्या, "हे आपल्याला पळवायलाच आलेत."

त्यांनी मला स्वेटरमधून ओढून काढलं आणि फुंकर मारली. आवाज आलाच नाही. नुसती हवा. घाबरलं की माणसाचं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या ओठांनी मला धरता येत नाही, हवा कडेनं निसटते. इतक्या वर्षांत बाईंची अशी फुंकर मी कधी अनुभवली नव्हती. मला त्यांची भीती दातांपर्यंत कळली. त्यांनी जिभेनं ओठ ओले केले, मला घट्ट धरलं, आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा माझ्यात ओतली.

एक. दोन.

आणि माझ्या पोरी बसल्या. चौकभर विखुरलेल्या, कुणी धावता धावता, कुणी ओरडता ओरडता, कुणी हातातली पर्स छातीशी धरून, जिथे होत्या तिथे खाली बसल्या. कुणी विचार केला नाही. त्या बसल्या म्हणून त्यांच्या शेजारच्या बसल्या, शेजारच्या बसल्या म्हणून मागच्या अडल्या आणि त्याही बसल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचलेली बसवाली तिथेच बसली आणि मागून येणाऱ्यांना दोन्ही हात पसरून अडवत ओरडली, "खाली दार बंद आहे! बसा!" बघता बघता सगळा चौक जमिनीवर.

आणि मग पोलिसांच्या पुढच्या रांगेत एक ढाल खणकन आपटली. वीतभर वर असलेलं हेल्मेट एकदम सगळ्यांच्या खाली गेलं होतं. खांब उकिडवी बसली होती. ढाल पुढ्यात, काठी मांडीवर, तोंडाचा आ वासलेला. काय झालं ते तिलाच कळलं नव्हतं. मागची पोलीस तिच्यावर आदळली, तिच्यावर तिच्या मागची, आणि धप् धप् करत येणारी सगळी रांग तिथल्या तिथे कोलमडून थांबली.

मग कुठूनतरी फिसकन हसू फुटलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंचं असावं. ते एकीकडून दुसरीकडे गेलं आणि शेकडो बायका जमिनीवर बसून खदाखदा हसायला लागल्या. रांगेतल्या काही पोलीसही हेल्मेटच्या आत हसल्या, मला खात्री आहे.

"उठ!" साहेब कर्ण्यावरून किंचाळले. "ए, तू! उठ आधी!"

खांब ताडकन उठली. हुकूम ऐकायची सवयही अंगात मुरलेली असतेच की. ती लालबुंद होऊन उभी राहिली, ढाल सावरली. हसू थांबलं. भिंतीची आई तिच्या पायाशीच बसलेली होती. तिनं वर पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, मार हवं तर. पण ती कुठे आहे, तेवढं सांग."

मी बाईंच्या ओठांतच होते. बाईंनी पुन्हा फुंकर मारली नाही. मारली असती तर खांब पुन्हा बसली असती, आणि मग ते बसणं तिचं राहिलं नसतं, असं मला वाटतं. बाई नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

खांबानं साहेबांकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग तिनं ढाल जमिनीवर आडवी ठेवली. काठी ढालीवर ठेवली. पट्टा सोडून हेल्मेट काढलं, तेही ठेवलं. आणि भिंतीच्या आईच्या शेजारी, अगदी सावकाश, मांडी घालून बसली.

"आत आहे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "या इमारतीत. तळमजल्यावर. जिवंत आहे. काल जेवण मीच दिलं तिला."

भिंतीच्या आईनं तिचा हात गच्च धरला. तो हात धरून ती किती रडली, ते मी सांगत नाही. तिच्या हातातलं पीठ खाकीवर उमटलं.

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. साहेबांनी दुसरी तुकडी आणली. काठ्या चालल्या. खांबाला तिच्याच माणसांनी आधी फरफटत नेलं. बसवालीचा हात मोडला. शिवणकामवालीच्या भुवईवर टाके पडले. पण हात एकमेकींत अडकवून बसलेल्या बायकांना उचलायचं म्हणजे नाकी नऊ येतात. एकीला ओढलं की चौघी बरोबर येतात आणि चौघींना घालायला गाडीत जागा नसते. मुख्य म्हणजे पळालं कुणीच नाही. आणि आता गावाला कळलं होतं की 'आमच्याकडे नाही' हे धडधडीत खोटं आहे. दुपार उलटेपर्यंत चौकाकडे येणारे सगळे रस्ते बायकांनी भरले, आणि त्यांच्या मागून पुरुषही आले. शेवटी साहेबांना दार किलकिलं करावं लागलं. भिंतीच्या आईला आत नेऊन लेक दाखवली. जाळीआडून, थोडाच वेळ, पण दाखवली. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "बारीक झालीय. पण मलाच ओरडली, रडतेस काय म्हणून."

बाईंना पकडलं, मला जप्त केलं. साहेबांनी मला बाईंच्या गळ्यातून असं हिसकावलं की दोरीचा वळ मानेवर उठला. कागदावर माझी नोंद झाली, 'जमावाला चिथावणी देण्याचे हत्यार'. हत्यार! माझ्या पोटात एक बुचाचा वाटाणा आहे हो. मिस्टर त्या दुपारी झोपले नव्हते. वकील वेळेवर पोचला आणि बाई जामिनावर सुटल्या. मी मात्र आतच.

तेव्हापासून मी त्याच मोठ्या ऑफिसातल्या या खोलीत आहे. गुन्ह्यात पकडलेल्या वस्तू इथे फळ्यांवर ठेवतात. माझ्या शेजारी पातेली आहेत, झाकणं आहेत, एक झाडू आहे, आणि लहान मुलाची एक तुतारीसुद्धा आहे. सरकारला आवाजाची एवढी धास्ती असेल, हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. खोलीचा कारकून सज्जन आहे. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं पिशवीसकट मला तोंडाजवळ नेलं, आणि मग लाजून परत ठेवलं. माणसाच्या हाताला शिट्टी लागली की त्याला राहवत नाही.

पलीकडच्या खोलीत चौकशी चालायची, आणि मधे नुसता लाकडी पडदा. म्हणून भिंतीचा आवाज मला रोज ऐकू यायचा. साहेबांचं रोजचं एकच मागणं. कागदावर सही कर, की मी घाबरून खोटं बोलले, ती मुलं चेंगरली होती. सही केलीस की आत्ता घरी. कधी चहा मागवून सांगायचे, कधी टेबल आपटून. एकदा म्हणाले, "आईचा तरी विचार कर."

"आईचाच करतेय," ती म्हणाली. "सही करून घरी गेले तर ती दार उघडणार नाही."

खांबाची नोकरी गेली. गणवेश परत द्यायला ती याच इमारतीत आली होती. कारकुनासमोर टोपी, पट्टा, बूट, एकेक वस्तू ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसली. आता ती बेकरीत आहे, कारकुनाच्या बोलण्यातून कळलं. भिंतीच्या आईनंच लावून घेतलं. "वरच्या फळीवरचे ट्रे काढायला बरी आहे," असं ती लोकांना सांगते. आणि काम संपलं की दोघी चौकात येऊन बसतात. रोज. बाई, बसवाली गळ्यात हात बांधून, सगळ्या. शिट्ट्यांवर आता बंदी आहे म्हणे. म्हणून बायका दोन बोटं तोंडात घालून वाजवायला शिकल्या आहेत. भिंतीच्या आईला अजून जमत नाही, नुसता फसफस आवाज येतो, पण ती सोडत नाही.

हे सगळं आज सांगायला बसले, त्याला कारण आहे. आज सकाळी पडद्यापलीकडे साहेब म्हणाले, "सही राहू दे. जा घरी. पण बाहेर पडल्यावर एक शब्द काढायचा नाही. काढलास तर पुन्हा इथेच." त्यांचा आवाज दमलेला होता. बाहेर दिवसेंदिवस गर्दी वाढतेय, ती त्यांनाही दिसते. भिंतीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

माझ्या फळीसमोर एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून दगडी पायऱ्या दिसतात. भिंत पायऱ्यांवर आली. उन्हानं तिचे डोळे मिटले. खाली तिची आई, शेजारी खांब, मागे बाई, आणि त्यांच्या मागे नजर पोचेल तिथपर्यंत बायका. आई धावत वर यायला निघाली, तर भिंतीनं हात वर करून तिला थांबवलं. सगळा चौक गप्प झाला. साहेब तिच्या मागे दारातच उभे होते.

"त्या दिवशी आमच्या वॉर्डात आणलेली मुलं चेंगरलेली नव्हती," ती म्हणाली. "त्यांना गोळ्या लागल्या होत्या. पट्ट्या मी स्वतः बांधल्यात."

"काय सांगितलं होतं तुला?" मागून साहेब गरजले.

ती वळली. "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता मी सांगते, तुम्ही ऐका." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. आईनं उरलेल्या पायऱ्या चढून तिचा एक हात धरला, खांबानं दुसरा. पायऱ्यांवर पोलिसांची रांग आहे. तिला धरायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.

माझा खटला चालायचा तेव्हा चालेल. मला सोडवायला कुणी धावपळ करू नका. बाईंना तेवढं सांगा, मानेला मलम लावा. बाकी माझं काही मागणं नाही. आता मी गप्प बसते. ती तिसऱ्यांदा सांगतेय, आणि या वेळी त्या मुलांची नावं घेतेय.